हाकेची मुदत पंधरवडा

सिस्टर,

तुमच्या खात्यावरच्या पोस्ट रोज कमी होत आहेत. सकाळी उघडून पाहिलं की काल सगळ्यांत खाली असलेली पोस्ट जागेवर नसते. हे कुणी बाहेरचा करत नाही. तुम्हीच तशी व्यवस्था लावून ठेवली होती, आणि तुम्ही गेलात हे त्या व्यवस्थेला कळण्याचं काही कारण नाही.

तुमच्या निधनाची बातमी छापून आली. जन्मगाव, नोकरी, मागे कोण आहे, सगळं तीत होतं आणि बरोबर होतं. ते इथे पुन्हा लिहीत नाही. तीत एक वाक्य होतं, 'समाजमाध्यमांवर त्या सक्रिय होत्या.' ते वाचून तुम्ही हसला असतात. बाजारात नुसता फिरणारा माणूसही सक्रिय असतो. तुम्ही नेमकं काय करत होतात ते उमरग्याबाहेरच्या माणसाला त्या वाक्यातून कळणार नाही, म्हणून तेवढं सांगतो.

सरकारी दवाखान्यातली परिचारिकेची नोकरी संपल्यावर तुम्ही एक खातं उघडलंत, मोजक्या अक्षरांतच लिहावं लागतं त्या समाजमाध्यमावर. खात्यावर तुमचं नाव नव्हतं, फोटो नव्हता. कोणत्या गटाचं रक्त, कुठे, किती वाजेपर्यंत हवं आहे आणि फोन कुणाला करायचा, एवढंच त्यावर असायचं. उमरगा हमरस्त्यावर आहे. इथे ट्रक आहेत, दवाखाने आहेत, रात्री-अपरात्री अडलेली बाळंतपणं आहेत, आणि हवं ते रक्त बहुतेक वेळा दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी अंगात आहे. त्या माणसापर्यंत पोचणाऱ्या चार ओळींना तुम्ही 'हाक' म्हणायचात. तुळजापूरपासून सीमेपलीकडच्या बसवकल्याणपर्यंत लोक ती ऐकायचे.

तुमची ओळख तक्रारीतून झाली. मी तेव्हा एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात होतो. तुम्ही दुसऱ्याच वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आत आलात. रक्ताचं आवाहन होतं, सुरुवात 'आज तातडीने' अशी, शेवटी फोन नंबर. आवाहन छापून आलं त्या सकाळी रुग्ण हयात नव्हता. वर्तमानपत्र रद्दीत गेलं, पण कुणीतरी कात्रणाचा फोटो काढून फिरवला, आणि वर्ष उलटून गेलं तरी त्या घरी फोन येत होते. मी म्हणालो, वर्तमानपत्र आमचं नाही, तरी शुद्धिपत्र छापायला त्यांना सांगू शकतो.

"शुद्धिपत्र कोन वाचतंय, संपादक? फोन मात्र समदे लावतेत."

मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादक होतो. ते त्याच दिवशी सांगून झालं. तरी तुम्ही शेवटपर्यंत संपादकच म्हणत राहिलात, आणि ती बढती नव्हती.

त्या दिवशी कात्रण पुन्हा वाचून एकच गोष्ट दाखवता आली. सगळा घोटाळा 'आज' या शब्दाने केला होता. बातमीतला 'आज' एका दिवसात शिळा होतो, म्हणून बातमीवर तारीख असते. फोटोतल्या 'आज'ला तारीख नाही, तो कायम आजच राहतो. तुम्ही ते ऐकून घेतलंत. तेव्हापासून तुमच्या एकाही हाकेत आज, उद्या, तातडीने हे शब्द आले नाहीत. तारीख, वार आणि किती वाजेपर्यंत. ही एक गोष्ट तुम्ही माझ्याकडून घेतलीत. त्यानंतरचा सगळा व्यवहार उलट दिशेने झाला.

माझ्या निवृत्तीनंतर सकाळी तुमच्या घरी येण्याचा रिवाज पडला. समोरच्या खोलीत तुम्ही खुर्ची खिडकीकडे वळवून बसलेल्या असायचात. एका हातात फोन, पुढे प्रज्ञाचा जुना लॅपटॉप. प्रज्ञा तुमची मुलगी. औषधनिर्माणाचं शिक्षण घेऊन तिने इथेच मेडिकल टाकलं आहे, आणि दुकान उघडायच्या आधी तुम्हा दोघींचा एक चहा ठरलेला असे. त्यात तिसरा कप मिसळला.

त्या समाजमाध्यमाबरोबर येणारी साधनं तुम्हाला कधी पुरली नाहीत. बाहेरच्या लोकांनी त्यासाठी बनवलेली साधनं तुम्ही हुडकून काढायचात. कुठलं एका पडद्यावर अनेक रकाने दाखवणारं, कुठलं ठरल्या वेळी पोस्ट टाकणारं, कुठलं पोस्टची लांबलचक मालिका एका पानावर जोडून देणारं. पण एकही साधन तुम्ही थेट मुख्य खात्याला जोडलं नाही. त्यासाठी वेगळं चाचणीचं खातं होतं आणि त्याचं नाव तुम्ही 'शेपू' ठेवलं होतं. का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, शेपूच्या मागं कुणी येत नाही. आणि खरोखर त्या खात्याला अनुसरणारं कुणी नव्हतं. नवं साधन आधी शेपूवर. काही दिवस ते काय करतं बघायचं. आपल्या नावाने जाहिराती टाकत असेल तर तिथेच कळतं.

दुसरा नियम परवानगीचा. बाहेरचं साधन जोडताना ते खात्याकडे परवानगी मागतं, आणि बहुतेक लोक न वाचता हो म्हणतात. तुम्ही चष्मा लावायचात. नुसतं वाचायची परवानगी मागतंय की आपल्या नावाने लिहायचीही? शोध घेणाऱ्या साधनाला लिहायची परवानगी कशाला हवी? दर महिन्याच्या सुरुवातीला तुम्ही जोडलेल्या साधनांची यादी उघडून वापरात नसलेल्यांची परवानगी काढून घ्यायचात. वॉर्डात चार्ज देता-घेताना औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या मोजून घ्यायच्या, त्यातलाच प्रकार आहे, असं तुमचं म्हणणं.

रकान्यांचं साधन तुमचं आवडतं होतं. प्रत्येक रकान्यात एक शोध लावलेला. एकात जिल्ह्याचं नवं नाव, शेजारी जुनं. उमरगा हे नाव रोमन लिपीत लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात, त्या साऱ्या तऱ्हा एका रकान्यात. आम्ही वर्तमानपत्रवाले एका नावाचं एकच रूप चालवतो. मी म्हणालो, लोकांनाच सांगा एकसारखं लिहायला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ज्याचं माणूस आत ऑपरेशनच्या टेबलावर आहे त्याला तुमची शैलीपुस्तिका वाचायला बसवता का? घाबरलेला माणूस तोंडात बसलेलं नाव लिहितो. शोधणाऱ्यानेच चार दारांत उभं राहायचं.

रक्तगटाचंही तसंच. अधिकचं चिन्ह शोधात धरलं जात नाही, हे तुम्हाला एका हुकलेल्या हाकेनंतर कळलं. तेव्हापासून तुमच्या पोस्टमध्ये चिन्हाबरोबर 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' हा शब्दही असे. दवाखान्यांकडून येणारे मजकूर पुष्कळदा टायपिंगच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असत. ते जसेच्या तसे चिकटवले की पडद्यावर कचरा दिसे. त्यासाठी फॉन्ट बदलून देणारं एक संकेतस्थळ तुम्ही वापरायचात, पण बदललेला मजकूर मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जायचा नाही आणि फोन नंबर तर हातानेच टाकायचा. यंत्राने एक आकडा बदलला तर हाक भलत्याच घरी जाते.

परंड्याच्या गुरुजींची गोष्ट प्रज्ञा अजून सांगते. ते हार्मोनियम शिकवतात, त्यांना दिसत नाही, त्यांचा फोन त्यांना पोस्ट वाचून दाखवतो. एकदा एका दवाखान्याने हाक चित्रावर लिहून पाठवली आणि तुम्ही ती तशीच टाकलीत. गुरुजींचा फोन आला. त्यांचा गट दुर्मिळ, आणि नेमका तोच हवा होता. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुमची पोस्ट माझ्या फोनाला मुकी हाय. फोटो म्हणतंय अन् गप बसतंय." ते कुर्डुवाडीची गाडी पकडून गेले आणि रक्त देऊन आले. तुम्ही मात्र त्याच दिवशी चित्राचं वर्णन लिहिल्याशिवाय पोस्ट पुढे जाऊ न देणारं साधन हुडकलंत. शेपूवर चालवून पाहिलं, मग मुख्य खात्याला जोडलं. पुढे मजकूर अक्षरांतच असल्याचा आणखी एक फायदा दिसला. सीमेपलीकडचे लोक भाषांतराच्या साधनाने तो कानडीत वाचू लागले. चित्रातलं मराठी त्यांच्याही फोनाला मुकंच होतं.

पोस्ट आधी लिहून ठेवून ठरल्या वेळी टाकणारं साधन तुमच्याकडे होतं. रक्तदान शिबिराची आठवण त्याच्याने जायची. हाक मात्र कधीच नाही. हाक लावून ठेवली आणि मधल्या वेळात गरजच उरली नाही तर? टाकणाऱ्याचा हात त्या घटकेला तिथे असला पाहिजे, यावर आपलं दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. अशा गोष्टी फार नव्हत्या, म्हणून नोंदवून ठेवतो.

मग त्या समाजमाध्यमाने बाहेरच्या साधनांसाठी आपलं दार महाग केलं. फुकटची साधनं एकेक करून मिटली. एका सकाळी रकान्यांचं साधन उघडेना. आता तुम्ही खातं बंद करणार, असं मला वाटलं. तुम्ही उठून चहा ठेवलात आणि आतूनच म्हणालात, "बीपीचं मशीन बिघडलं तर नाडी बघत न्हाईत व्हय? अर्धे शोध तुमी करा, अर्धे मी." तेव्हापासून शोध हाताने चालू झाले. जी साधनं पैसे मागू लागली त्यांतल्या एकालाच तुम्ही पैसे भरलेत. ते होतं जुन्या पोस्ट आपोआप पुसणारं साधन.

त्याचा नियम तुम्ही लावला होता तो असा. गरज भागली किंवा उरली नाही, की हाकेच्या खाली दोन शब्दांचं उत्तर जोडायचं, 'गरज संपली'. रुग्ण घरी गेला तरी तेच शब्द आणि रुग्ण गेला तरी तेच. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळू नये, ते त्या घरचं. हाक लगेच पुसायची नाही, कारण कुणी वाटेत असेल तर त्याने उघडून पाहिल्यावर त्याला हे दोन शब्द दिसले पाहिजेत. पंधरवडा उलटला की साधन हाक आणि उत्तर दोन्ही पुसून टाकेल. राहतील त्या फक्त हे काम नव्याने करू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचना. त्यांना तुम्ही 'ठेवा' अशी खूण केली होती.

यावरून आपलं भांडण झालं आणि ते कधी मिटलं नाही.

माझी बाजू साधी होती. छापलेलं मागे घेत नाहीत. चुकलं तर दुरुस्ती छापतात, पण मूळ मजकूर फायलीत राहतो. उद्या कुणी विचारलं की या तालुक्यात रक्तासाठी लोकांना काय करावं लागत होतं, तर दाखवायला काय उरेल? तुम्ही तो सगळा इतिहास पंधरवड्या-पंधरवड्याने जाळत होतात.

तुम्ही शेंगा सोलत होतात. हात न थांबवता म्हणालात, "जखम भरली की टाके काढतेत, संपादक. काढलेले टाके जपून कोन ठेवतंय?"

मी म्हणालो, पण केसपेपर तर ठेवतात.

"केसपेपर दवाखान्याच्या कपाटात. चौकात चिकटवत न्हाईत."

मग कपाटात ठेवा, असं मी म्हणालो. तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला, हाक लिहायची होती, आणि विषय तिथेच राहिला. पुढे कितीदा तरी तो निघाला आणि दर वेळी फोनने तोडला. तुमच्याकडे त्या शेवटच्या वाक्याला उत्तर होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. तुम्हाला विचारायचं राहिलं.

आणखी एक गोष्ट राहिली. तुमच्या कामावर लेख लिहावा, असं मी दोनदा सुचवलं होतं. तुम्ही दोन्ही वेळा नाही म्हणालात. नाव छापून आलं की लोक मला फोन करतील, दवाखान्याला नाही, हे कारण. ते बरोबर होतं. आता तुम्हाला फोन करता येत नाही, तेव्हा ते कारण उरलेलं नाही, पण तुमची परवानगीही उरलेली नाही. म्हणून इथे तुमचं नाव लिहिलेलं नाही. उमरग्यात 'सिस्टर' म्हटलं की पुरतं.

तुम्ही गेलात तेव्हा खात्यावर एकही हाक उघडी नव्हती. शेवटची हाक तुम्ही स्वतः दवाखान्यात दाखल झालात त्या सकाळी बंद केली होती.

जलदानविधी झाला, बुद्धवंदना झाली, लोक पांगले. प्रज्ञा खुर्च्या उचलत होती. मधेच थांबून तिने फोन पुढे केला.

"काका, आई रोज थोडी थोडी कमी व्हायलीय."

तिला ते आदल्या दिवशी दिसलं होतं. ती रोज तुमचं खातं उघडून वाचत होती आणि खालच्या बाजूने ते आटत येत होतं. असंच चाललं तर काही दिवसांत सगळ्या हाका जाणार होत्या. तिने विचारलं, हे थांबवता येतं का? मी नोंदीच्या बाजूचा माणूस. हो म्हणायला वेळ लागला नाही. तुमचा फोन तिच्याकडेच होता. तुम्हीच शिकवलेल्या रीतीने जोडलेल्या साधनांची यादी उघडली, पुसणाऱ्या साधनाची परवानगी काढून घेतली, आणि पोस्ट जागच्या जागी थांबल्या. प्रज्ञा त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

त्याच दिवसांत तुमच्या जाण्याची बातमी खात्याला अनुसरणाऱ्या लोकांपर्यंत पोचत होती. बसवकल्याणहून, सोलापूरहून, जळकोटहून लोक लिहीत होते. कुणी आपण केव्हा रक्त दिलं ते सांगत होतं. आणि पुष्कळांनी एक गोष्ट केली, आदरानेच केली. तुमच्या खात्यावर उरलेल्या हाकांतली एखादी उचलून, वर श्रद्धांजलीचे दोन शब्द लिहून पुढे पाठवली. हीच त्यांची ओळख, असं म्हणून. पण हाक पुढे पाठवली की तिच्याखालचं उत्तर बरोबर जात नाही. हाक गेली, 'गरज संपली' इथेच राहिलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी प्रज्ञाच्या मेडिकलवर बसलो होतो. जळकोटचे बालाजी आले. ते शेती करतात, तुमच्या हाकेवर अनेकदा येऊन रक्त देऊन गेले आहेत. तुम्ही त्यांना दर वेळी खजूर द्यायचात, ते त्यांनी सांगितलं. मग काउंटरला टेकून उभे राहिले. प्रज्ञाने पाणी दिलं. तेव्हा कळलं ते असं. सकाळी त्यांच्या फोनवर एक हाक आली. बाळंतपण, उमरगा, त्यांचाच गट. हातातलं काम टाकून ते गाडीत बसले आणि स्टँडवर उतरून नंबर फिरवला.

"पलीकडनं मानूस बोलंचना. लेकरू रडल्यालं ऐकू येत होतं. मग म्हणला, आज सकाळधरनं तुमी चौथे."

ती हाक तुम्ही आजारी पडायच्या आधीची होती. मूल राहिलं, आई राहिली नव्हती. खाली तुमचे दोन शब्द होते. साधन चालू असतं तर ती हाक त्या दिवशी खात्यावर दिसलीच नसती.

मी विचारलं, तारीख लिहिलेली होती ना?

"व्हती. बघितली न्हाय," बालाजी म्हणाले. "सिस्टरची हाक हाय म्हणलं अन् निघालो. तुमची आई कधी शिळी हाक देत नव्हती, ताई. म्या तारीख कशाला बघू?"

ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. प्रज्ञाने त्यांना बसवलं, चहा मागवला. ते गेल्यावर तिने तुमचा फोन काढला आणि खात्यावरच्या हाका वरून खालपर्यंत वाचल्या. इतके दिवस ती त्यांत तुम्हाला शोधत होती. आता ती वेगळं वाचत होती. गिऱ्हाइकं येऊन गेली, तिने गोळ्या दिल्या, पुन्हा वाचत राहिली. शेवटी म्हणाली, "काका, ह्यात आई कुठंय? हे समदं लोकांचं दुखणं हाय."

पुसणाऱ्या साधनाला परवानगी तिने तिथेच, काउंटरवर उभी राहून परत दिली. मी अडवलं नाही. साधनाने मागे पडलेलं काम पहिल्या फेरीतच उरकलं. पंधरवड्यापलीकडच्या सगळ्या हाका एकदम गेल्या, ती बाळंतपणाचीही. मग तिने त्या घरी फोन लावला. माफी मागितली, कारण सांगितलं. त्या माणसाने एवढंच विचारलं, आता फोन येणार नाहीत ना? प्रज्ञा म्हणाली, येणार नाहीत. तो शब्द तिने दिला असल्याने तो खरा करणं भाग होतं. मूळ हाक पुसली गेली तरी लोकांनी काढलेले तिचे फोटो उरतात. ज्यांनी ज्यांनी ती पुढे पाठवली होती त्यांना एकेकाला लिहिलं. मजकूर माझा, सही खात्याची. बहुतेकांनी तासाभरात काढून टाकली. एकाने विचारलं, श्रद्धांजली पुसायला सांगता, हे शोभतं का? त्याला मी फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानेही ती काढली. त्या घरी त्यानंतर फोन गेलेला नाही. प्रज्ञा दर दोन दिवसांनी विचारून घेते.

आपला वाद मिटला, असं मी लिहिणार नाही. छापलेलं पुसू नये हे मला अजूनही खरं वाटतं, आणि तुम्हाला ते तोंडावर सांगितलं असतं. पण नोंद कुणाची, हा प्रश्न मी इतकी वर्षं बातम्या केल्या तरी नीट विचारला नव्हता. हाक तुम्ही लिहायचात, तरी ती तुमची नव्हती. ज्याचं माणूस टेबलावर होतं त्याने ती तुमच्याकडे काही तासांसाठी दिलेली होती. ती कपाटात ठेवायची तर कपाट त्याचं हवं. मला वाटतं, त्या दिवशी फोन आला नसता तर तुम्ही हेच उत्तर दिलं असतंत. कदाचित आणखी तिखट शब्दांत.

तुमच्या सूचना मात्र राहिल्या. 'ठेवा' खूण असल्याने साधन त्यांना हात लावत नाही. नवं साधन आधी रिकाम्या खात्यावर. परवानगी देताना चष्मा. चित्र असेल तर शब्दांत सांगा, ऐकणारेही वाचक आहेत. 'आज' लिहू नका. रुग्णाचं नाव आणि आजार लिहू नका, गट आणि जागा पुरे. टाकण्याआधी दवाखान्याला स्वतः फोन करून गरज खरी आहे का विचारा. प्रज्ञाला तुम्ही यांत सापडता, तिने ते मला सांगितलं. त्यांत आता तिने तिची एक जोडली आहे: जुनी हाक पुढे पाठवून कुणाचाही मान राखू नका. ती टाकायच्या आधी तिने मला वाचून दाखवली. मी एक शब्द काढला. तिने तो परत घातला.

खातं बंद करायचं नाही, हे ठरलं आहे. सकाळचे शोध माझ्याकडे, दवाखान्यांना फोन प्रज्ञाकडे. परंड्याच्या गुरुजींनी कळवलं आहे की पोस्ट त्यांच्या फोनवर नीट वाचली जाते का ते ते ऐकून सांगतील. आम्ही दोघांनी मिळून पहिली हाक टाकली तेव्हा ती तीनदा वाचली. तुम्हाला एकदा पुरायचं. सीमेपलीकडून एकाने कानडीत उत्तर दिलं, तो निघाला, पोचला. खाली दोन शब्द लिहिले. पुढे काय झालं ते प्रज्ञाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्या घराला.

येत्या गुरुवारी तुमच्या शेवटच्या हाकेला पंधरवडा होतो. हे छापून तुमच्या ओळखीच्या लोकांच्या हाती पडेल तेव्हा ती खात्यावर नसेल. कोणत्या गावासाठी होती, कोणता गट होता, शब्द काय होते, ते मी वाचलं आहे. त्याची प्रत मी घेतलेली नाही.